दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे?

२१ ऑगस्ट २०२५ रोजी अजिंक्य रहाणेने मुंबईच्या संघाचं कर्णधारपद सोडलं. नवा मोसम तोंडावर आला आहे, नवा कर्णधार घडवायला हीच वेळ योग्य आहे, आणि आपण फलंदाज म्हणून मुंबईकडून खेळत राहू, एवढंच त्याने जाहीर केलं. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने दीड वर्षापूर्वी ४२ वा रणजी करंडक जिंकला होता.

तो काळ निरोपांचाच होता. १८ डिसेंबर २०२४ रोजी रविचंद्रन अश्विन ब्रिस्बेनमध्ये ५३७ बळींवर थांबला. ७ मे २०२५ रोजी रोहित शर्माने कसोटी क्रिकेट सोडलं, पाच दिवसांनी विराट कोहलीने. रहाणेच्या घोषणेनंतर तीनच दिवसांनी चेतेश्वर पुजाराने सगळ्या प्रकारांतून निवृत्ती घेतली. लोकलच्या डब्यात, नाक्यावर, सोसायटीच्या गेटवर एकच चर्चा होती: आता या जागा कोण भरणार? या गदारोळात रहाणेचा निर्णय फार कुणी मनावर घेतला नाही. मला मात्र तो त्या वर्षातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. त्याने पद सोडलं, पण ड्रेसिंग रूम सोडली नाही.

मी मैदानावरची स्कोअरर. डोंबिवली पूर्वेला राहते आणि शाळांच्या सामन्यांपासून कांगा लीगपर्यंत मिळेल तिथे स्कोअरबुक उघडून बसते. विकेट पडली की बाकी सगळ्यांचे डोळे परत येणाऱ्या फलंदाजाकडे असतात. आम्हाला तेव्हा मान खाली घालून लिहावं लागतं. कितव्या धावेवर कितवी विकेट, बाद कोण, भागीदारी किती. आणि त्याच रकान्यात आणखी एक नोंद: नाबाद कोण आणि किती धावांवर. ही शेवटची नोंद मी कधीच घाईत करत नाही. डाव पुढे कसा जाणार ते गेलेल्या माणसावरून कळत नाही, दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे त्यावरून कळतं. संघाचंही तसंच आहे. मोठा खेळाडू जातो त्या दिवशी त्याच्यासोबत खेळून तयार झालेलं कुणी तिथे असेल, तर संघ सावरतो. नसेल, तर वर्षं जातात.

चटईवरची विकेट आणि ४८ किलोमीटर

रहाणेचा जन्म ६ जून १९८८ चा, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. वाढला मात्र डोंबिवलीत. वडील बेस्टमध्ये नोकरीला. मोठ्या शिबिराची फी परवडणारी नव्हती, म्हणून सात वर्षांच्या अजिंक्यला त्यांनी डोंबिवलीतल्याच एका छोट्या शिबिरात घातलं. तिथे मॅटिंगची विकेट होती. टणक जमिनीवर काथ्याची चटई ताणून बसवायची आणि त्यावर खेळायचं. अशा विकेटवर चेंडू टप्पा पडल्यावर चांगला उसळतो आणि अंगावर येतो. मुलगा मागच्या पायावर जायला आणि छातीपर्यंत आलेला चेंडू खाली दाबायला आपोआप शिकतो. पुढे मेलबर्न आणि डर्बनला रहाणेने जे कट आणि पुल मारले, त्यांची मुळं मला या चटईत दिसतात.

त्याने मुलाखतींत सांगितलेल्या दोन गोष्टी डोंबिवलीत सगळ्यांना माहीत आहेत. रिक्षाचे पैसे वाचवण्यासाठी आई एका कडेवर धाकट्या भावाला आणि दुसऱ्या हातात किटबॅग घेऊन त्याला सरावाला चालत नेई. आणि पहिल्यांदा त्याला एकट्याने लोकलने मुंबईला पाठवलं, तेव्हा वडील त्याच गाडीच्या मागच्या डब्यात चढून बसले होते, पोरगा नीट पोहोचतो की नाही ते बघायला. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. गर्दीच्या वेळी किटबॅग घेऊन फास्ट लोकलमध्ये शिरणं मोठ्या माणसालाही जमत नाही. इथली मुलं ते रोज करतात, उतरल्यावर आझाद मैदानापर्यंत चालत जातात आणि मग पहिला चेंडू खेळतात. सतराव्या वर्षानंतर रहाणे प्रवीण आमरेंकडे शिकायला लागला. तोपर्यंत त्याची अर्धी तालीम मध्य रेल्वेनेच करून घेतली होती.

रोहित शर्माचंही डोंबिवलीशी नातं आहे. त्याचे आईवडील इथे एका खोलीत राहत होते. परिस्थितीमुळे तो बोरिवलीला आजीआजोबा आणि काकांकडे वाढला आणि सुटीच्या दिवशी आईवडिलांना भेटायला इकडे येई. डावखुरा फिरकीपटू निलेश कुलकर्णी जन्माने डोंबिवलीकर. ऑगस्ट १९९७ मध्ये कोलंबोत त्याने कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर मर्वन अटापट्टूला बाद केलं. त्यानंतर श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा उभारल्या आणि कुलकर्णीने ७० षटकं टाकली. तुषार देशपांडे कल्याणचा. शिवाजी पार्कला निवड चाचणीला गेला तेव्हा फलंदाजांची रांग लांबलचक आणि गोलंदाजांची आखूड होती, म्हणून तो गोलंदाजांत जाऊन उभा राहिला, हे त्यानेच सांगितलं आहे. जुलै २०२४ मध्ये तो भारताकडून टी-२० खेळला.

सिडनीतला जानेवारी, दोनदा

संघ पुन्हा उभा करणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला ऑस्ट्रेलियासारखं उदाहरण नाही. या देशाला हा धडा दोनदा शिकावा लागला आणि दोन्ही वेळा जागा सिडनीच होती.

जानेवारी १९८४ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या सिडनी कसोटीनंतर ग्रेग चॅपल, डेनिस लिली आणि रॉडनी मार्श तिघेही एकदम थांबले. चॅपलने शेवटच्या डावात १८२ धावा केल्या. लिलीच्या खात्यावर ३५५ बळी, मार्शच्या यष्टीमागच्या बळींची संख्याही ३५५. संघाचा सर्वोत्तम फलंदाज, सर्वोत्तम वेगवान गोलंदाज आणि यष्टिरक्षक एकाच संध्याकाळी गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडिजकडून मार खाताना कर्णधार किम ह्यूजने ब्रिस्बेनमध्ये पत्रकारांसमोर रडत राजीनामा दिला. ॲलन बॉर्डरकडे कर्णधारपद आलं तेव्हा त्याच्या सोबतीला उभं राहील असं अनुभवी कुणी फारसं उरलं नव्हतं. त्यात काही खेळाडू दक्षिण आफ्रिकेच्या बंडखोर दौऱ्यावर निघून गेले. १९८५ ची ॲशेस मालिका गेली, मायदेशी न्यूझीलंडविरुद्धची गेली, १९८६-८७ ची ॲशेसही गेली.

बॉर्डर आणि १९८६ मध्ये आलेले प्रशिक्षक बॉब सिम्पसन यांनी मग एक काम चिकाटीने केलं. निवडलेल्या तरुणांना त्यांनी लगेच बाहेर काढलं नाही. डेव्हिड बून, क्रेग मॅकडरमॉट, जेफ मार्श, स्टीव्ह वॉ हे हरत हरत तयार झाले. स्टीव्ह वॉ पहिली कसोटी डिसेंबर १९८५ मध्ये भारताविरुद्ध मेलबर्नला खेळला आणि कसोटीतल्या पहिल्या शतकासाठी त्याला १९८९ उजाडावं लागलं. साडेतीन वर्षं शतक नसलेल्या फलंदाजाला संघात ठेवायला निवड समितीचं काळीज घट्ट लागतं. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ७ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये ॲशेस ४-० अशी परत आणली. तिघांच्या निरोपानंतर साडेपाच वर्षांनी.

दुसरी वेळ जानेवारी २००७ ची. इंग्लंडला ५-० धुऊन शेन वॉर्न, ग्लेन मॅकग्रा आणि जस्टिन लँगर सिडनीतच थांबले. वॉर्नचे ७०८ बळी, मॅकग्राचे ५६३. पुढच्या दोन वर्षांत ॲडम गिलख्रिस्ट आणि मॅथ्यू हेडनही गेले. २००८-०९ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियात जाऊन मालिका जिंकली. २००९ आणि २०१०-११ अशा सलग दोन ॲशेस मालिका गेल्या.

या काळातली एक गोष्ट आपल्या नागपुरात घडली. नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याच्या मैदानावर जेसन क्रेझा या ऑफस्पिनरने पदार्पणाच्या कसोटीत १२ बळी घेतले. तीच सौरव गांगुलीची शेवटची कसोटी. एवढं करूनही क्रेझाच्या वाट्याला आणखी एकच कसोटी आली. वॉर्ननंतर ऑस्ट्रेलियाने फिरकीपटूंमागून फिरकीपटू आजमावले. प्रत्येकाची तुलना वॉर्नशी झाली आणि प्रत्येक जण त्या तुलनेत हरला. स्टीव्ह स्मिथलासुद्धा २०१० मध्ये लेगस्पिनर म्हणून संघात घेऊन पाहिलं होतं. २०११ मध्ये ॲडलेड ओव्हलच्या खेळपट्टीवर राबणारा नॅथन लायन आला. गॉलमध्ये त्यानेही कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर विकेट घेतली, कुमार संगकाराची. पहिल्या चेंडूवर विकेट निलेश कुलकर्णीलाही मिळाली होती, पण तेव्हा भारताकडे अनिल कुंबळे होता आणि कुलकर्णीच्या कसोटी तीनवर थांबल्या. लायनची शंभरी झाली. दोघांच्या गुणवत्तेची तुलना मला करायची नाही. जागा कधी रिकामी होते आणि ती भरताना संघ किती धीर धरतो, यावर माणसाचं आयुष्य कसं ठरतं, एवढंच यातून दिसतं.

द्रविड, सचिन आणि नवी पोरं

भारतातही अशी गळती झाली होती. २०११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये आणि त्यानंतर लगेच ऑस्ट्रेलियात भारत ०-४ ने हरला. मार्च २०१२ मध्ये राहुल द्रविड थांबला, ऑगस्टमध्ये व्हीव्हीएस लक्ष्मण. त्याच वर्षाअखेर इंग्लंडने भारतात येऊन मालिका जिंकली. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिन तेंडुलकरने निरोप घेतला. दोन वर्षांत मधली फळी संपली. तरी ऑस्ट्रेलियासारखी पाच-सहा वर्षांची पडझड झाली नाही. याचं कारण जुन्या धावफलकांत सापडतं.

३१ ऑगस्ट २०११, मँचेस्टर. रहाणेचा भारताकडून पहिला सामना, टी-२०. सलामीला येऊन त्याने ६१ धावा केल्या. तिसऱ्या क्रमांकावर राहुल द्रविड होता, ३१ धावा. द्रविडचा तो पहिला आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय टी-२० सामना. एकाची सुरुवात आणि दुसऱ्याची अखेर एकाच डावात झाली.

नोव्हेंबर २०११ मध्ये रहाणेची कसोटी संघात निवड झाली आणि मग तो सोळा महिने संघाबरोबर नुसता फिरला. पाणी नेलं, बदली क्षेत्ररक्षण केलं, नेटमध्ये फलंदाजी केली, पण अकरांत जागा मिळाली नाही. लोकांना हा वाया गेलेला काळ वाटतो. मला वाटत नाही. त्या सोळा महिन्यांतला काही काळ द्रविड आणि लक्ष्मण ड्रेसिंग रूममध्ये होते आणि सचिन तर शेवटपर्यंत होता. सकाळी खेळपट्टी कशी बघायची, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कसा वेळ काढायचा, शून्यावर बाद झाल्यावर पॅड कसे सोडायचे, हे पुस्तकातून येत नाही. २२ मार्च २०१३ रोजी दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याला कसोटी मिळाली तेव्हा त्याच्या धावा झाल्या ७ आणि १. संघाने त्याला बाहेर टाकलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात डर्बनला नाबाद ५१ आणि ९६, फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला ११८, जुलैत लॉर्ड्सवर १०३, आणि डिसेंबरात मेलबर्नला १४७.

रोहितचं कसोटी पदार्पणही असंच झालं. सचिनच्या निरोपाच्या मालिकेत. कोलकात्यात १७७, मग वानखेडेवर सचिनच्या शेवटच्या कसोटीत नाबाद १११. सगळा देश सचिनच्या भाषणात भिजला होता, आणि त्याच सामन्यातलं शतक त्याच्यानंतरच्या पिढीचं होतं.

३६ नंतरचा महिना

१९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला. विराट कोहली मुलीच्या जन्मासाठी घरी परतला, मोहम्मद शमीचा हात मोडला. कर्णधारपद रहाणेकडे आलं. पुढच्या महिन्याभरात त्याने जे केलं ते मी संघबांधणीचा धडा म्हणून मुलांना सांगते.

मेलबर्नला त्याने शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज या दोघांना पदार्पणाची संधी देणाऱ्या संघाचं नेतृत्व केलं. सिराजचे वडील महिन्याभरापूर्वीच वारले होते आणि तो ऑस्ट्रेलियातच थांबला होता. रहाणेने ११२ धावा केल्या, रवींद्र जडेजाबरोबर १२१ धावांची भागीदारी झाली. जडेजाच्या अर्धशतकासाठी धाव घेताना रहाणे धावबाद झाला. कसोटीत शतक ठोकलेला कर्णधार धावबाद झाल्यावर काय करतो? त्याने जडेजाच्या पाठीवर थाप मारली आणि खेळत राहा असं खुणावून तो परत फिरला. मी मैदानावर कितीतरी धावबाद लिहिले आहेत. त्यानंतर दुसऱ्या टोकाचा फलंदाज टिकतो की ढासळतो, हे बाद झालेला माणूस कसा चालत जातो त्यावर ठरतं. जडेजाने ५७ धावा केल्या.

विजयासाठी ७० धावा हव्या होत्या. शेवटी मैदानावर होते नाबाद ३५ वर गिल आणि नाबाद २७ वर रहाणे. पहिली कसोटी खेळणारा २१ वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या टोकाला कर्णधार. त्यानंतर साडेचार वर्षांत तोच मुलगा भारताचा कसोटी कर्णधार झाला.

सिडनीत प्रेक्षकांतून सिराजवर वर्णद्वेषी शेरेबाजी झाली तेव्हा रहाणेने त्याला सोबत घेऊन पंचांकडे तक्रार केली आणि खेळ थांबवायला लावला. हनुमा विहारी आणि अश्विनने जखमी अंगांनी शेवटच्या दिवसाचा उरलेला खेळ खेळून काढला. ब्रिस्बेनला पोहोचेपर्यंत जसप्रीत बुमरा, अश्विन, जडेजा, शमी, उमेश यादव सगळेच बाहेर होते. जे पाच गोलंदाज उतरले त्यांच्या सगळ्यांच्या मिळून आधीच्या कसोटी होत्या चार: सिराज दोन, नवदीप सैनी एक, शार्दुल ठाकूर एक. टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांची ती पहिलीच. शार्दुलची आधीची कसोटी तर दहा चेंडूंची, २०१८ मध्ये हैदराबादला दुखापतीने संपलेली. पालघरहून लोकलने मुंबईत खेळायला येणारा हा मुलगा. ६ बाद १८६ वर तो आणि सुंदर एकत्र आले आणि १२३ धावा जोडल्या. शार्दुलच्या ६७, सुंदरच्या ६२. शार्दुलने सामन्यात सात बळी घेतले, सिराजने दुसऱ्या डावात पाच. १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने ३२८ धावांचं लक्ष्य तीन गडी राखून गाठलं. गॅबावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर प्रथमच हरला.

त्या संध्याकाळी करंडक मिळाल्यावर रहाणेने तो नटराजनच्या हातात दिला. शंभरावी कसोटी खेळणाऱ्या लायनला भारतीय संघाने सह्या केलेली जर्सी भेट दिली. माटुंग्याला घरी परतल्यावर कांगारूची प्रतिकृती असलेला केक कापायला रहाणेने नकार दिला. प्रतिस्पर्ध्याचा मान राखणारा कर्णधार संघातल्या नवख्याचाही मान राखतो, असा माझा अनुभव आहे.

रहाणेने भारताचं नेतृत्व सहा कसोटींत केलं. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या, एकही हरला नाही. त्याची कसोटीतली बाराच्या बारा शतकं जिंकलेल्या किंवा अनिर्णित राहिलेल्या सामन्यांतली आहेत. ८५ कसोटी, ५०७७ धावा. शेवटची कसोटी जुलै २०२३ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला झाली.

मुंबईचा मार्च

भारतीय संघाबाहेर गेल्यावर तो मुंबईच्या रणजी संघात मनापासून रमला. २०२४ चा तो मोसम मी कधी विसरणार नाही. फेब्रुवारीत बडोद्याविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी शतकं ठोकली: तनुष कोटियन नाबाद १२०, कल्याणचा तुषार देशपांडे १२३. शेवटच्या विकेटसाठी २३२ धावा. असं प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आधी एकदाच घडलं होतं, १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून. उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध ७ बाद १०६ वरून शार्दुलने १०९ धावा करून सामना फिरवला.

अंतिम सामना वानखेडेवर विदर्भाशी. धवल कुलकर्णीचा तो शेवटचा सामना. दुसऱ्या डावात १९ वर्षांच्या मुशीर खानने १३६ धावा केल्या, रहाणेने ७३. पाचव्या दिवशी विदर्भाची एकच विकेट उरली तेव्हा रहाणेने चेंडू धवलच्या हातात दिला. धवलने उमेश यादवचा त्रिफळा उडवला आणि मुंबई १६९ धावांनी जिंकली. म्हाताऱ्याला सन्मानाने निरोप आणि पोराला मोठा डाव, दोन्ही एकाच सामन्यात. निवृत्ती आणि नवी बांधणी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या पाच दिवसांत दिसलं.

म्हणूनच २०२५-२६ च्या मोसमासाठी शार्दुल मुंबईचा कर्णधार झाला आणि रहाणे त्याच्या हाताखाली खेळला, याला माझ्या लेखी फार मोल आहे. ब्रिस्बेनला रहाणेने ज्याच्या हातात चेंडू दिला, तोच त्या मोसमात रहाणेला क्षेत्ररक्षणाला उभं करू लागला. ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडविरुद्ध रहाणेने १५९ धावांची खेळी केली. पद गेलं म्हणून भूक गेली नव्हती.

धीर धरण्याची कसोटी

२०२५ मध्ये भारतीय संघही याच वळणावर होता. गिलच्या नेतृत्वाखाली त्या उन्हाळ्यात इंग्लंडमधली मालिका २-२ अशी सुटली. गिलने ७५४ धावा केल्या, ओव्हलवर सिराजने सहा धावांनी विजय खेचून आणला. नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने आपल्याच घरी ०-२ ने हरवलं, गुवाहाटीत तर ४०८ धावांनी. लगेच सगळं बदला अशी ओरड सुरू झाली. स्टीव्ह वॉच्या साडेतीन वर्षांची आठवण अशा वेळी ठेवावी. हरणारा प्रत्येक संघ घडत असतो असं मी म्हणणार नाही. पण निवडलेल्या मुलाला दर दोन सामन्यांनी बदलणारा संघ घडत नाही, हे क्रेझाच्या गोष्टीतून दिसतं.

आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या क्लबांतही हेच चालतं. माझ्या ओळखीच्या एका क्लबात पाच ज्येष्ठ खेळाडू नोकरी-संसारापायी एकाच मोसमात थांबले. सगळी वर्षं तेच पाच खेळत आले होते. चौदा-पंधरा वर्षांची पोरं सीमारेषेवर चेंडू अडवायला आणि पाणी न्यायला ठेवली होती. पुढच्या मोसमात त्याच पोरांना थेट सलामीला उतरावं लागलं आणि संघ खालच्या गटात घसरला. दुसऱ्या एका क्लबाचा कर्णधार, ज्याला सगळे दादा म्हणत, त्याने चाळिशी यायच्या आत स्वतःचा क्रमांक सलामीवरून सहावर नेला. सलामीच्या पोराला तो म्हणाला, "तू खेळ, मी खाली आहे." त्या पोराने पहिले तीन डाव वाया घालवले. दादाने जागा परत मागितली नाही. त्या क्लबात आज सलामीची चिंता नाही.

आमच्याकडे मैदानं कमी पडतात. रविवारी एकाच मैदानावर टेनिस चेंडूचे तीन-तीन सामने चालतात आणि सीझनच्या चेंडूने सराव करणाऱ्या मुलांना कोपरा मिळाला तरी पुरे. मैदान वाढवणं आपल्या हातात लगेच नाही. संघ कसा लावायचा ते मात्र पुढच्याच रविवारी आपल्या हातात आहे. क्लबच्या सचिवांना आणि कर्णधारांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या सर्वांत अनुभवी फलंदाजाबरोबर या मोसमात एका पंधरा वर्षांच्या मुलाला सलामीला पाठवा आणि निदान पाच सामने तरी त्याची जागा हलवू नका. पालकांनो, तो शून्यावर आला तर मैदानातून घरी जाईपर्यंत त्याला काही बोलू नका. तुमचा दादा थांबेल त्या दिवशी तुम्हाला नवा खेळाडू शोधत फिरावं लागणार नाही. तो आधीच गार्ड घेऊन उभा असेल.